माजी सैनिकांच्या हाती पुरावस्तूंचे जतन

‘व्हेटरन्स क्युरेशन प्रोग्रॅम’ हा अमेरिकेतील माजी सैनिकांना पुरातत्त्वीय संग्रहांच्या जतनाचे प्रशिक्षण आणि त्याच कामावर सवेतन, मुदतीचा रोजगार देणारा शासकीय उपक्रम होय. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने तो २००९ मध्ये सुरू केला. दुर्लक्षित सार्वजनिक ठेवा आणि रणांगणावरून परतून नागरी जीवनात स्थिरावू पाहणारा सैनिक, या दोहोंची निकड एकाच कामातून भागविणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

पार्श्वभूमी : अभियंता दल लष्कराचा भाग असले, तरी धरणे, जलमार्ग व पूरनियंत्रण यांसारखी नागरी कामेही त्याच्याकडे असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर मिसूरीसारख्या नद्यांवर मोठी धरणे उभी राहिली. जलाशयांखाली जाणाऱ्या प्राचीन वस्त्यांचे उत्खनन पाणी चढण्यापूर्वी उरकणे भाग होते. त्यांत मिळालेल्या वस्तू विद्यापीठे व संग्रहालयांच्या कोठारांत विसावल्या. उत्खननासाठी निधी मिळाला. पुढील सांभाळासाठी मात्र तो अपुरा पडला. कागदी पिशव्या फाटल्या, टाचण्या गंजल्या, चिठ्ठ्यांवरील अक्षरे पुसट झाली. दगडी बाणाग्र कोणत्या स्थळी, कोणत्या थरात सापडले ही नोंद हरवली, की वस्तू उरते. पण तिची साक्ष संपते. शासकीय मालकीच्या अशा संग्रहांच्या देखभालीची नियमावली १९९० मध्ये लागू झाली, तरी साचलेले काम उपसण्यास मनुष्यबळ नव्हते.

उगम : या उपक्रमाची कल्पना अभियंता दलाच्या सेंट लुईस येथील संग्रह-जतन केंद्राचे पुरातत्त्वज्ञ मायकेल ट्रिम्बल यांची. सद्दाम हुसेन यांच्या राजवटीतील सामूहिक दफनस्थळांचे उत्खनन करून न्यायालयासाठी पुरावे गोळा करणाऱ्या पथकाचे त्यांनी इराकमध्ये नेतृत्व केले होते. तेथे सैनिकांशी त्यांचा जवळून संबंध आला. इराक व अफगाणिस्तानातून परतणाऱ्यांना मंदीच्या काळात नोकऱ्या मिळणे अवघड झाले होते. अर्थव्यवस्था सावरण्यासाठी २००९ मध्ये संमत झालेल्या कायद्याखालील निधीतून पहिल्या प्रयोगशाळा जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा, मिसूरीतील सेंट लुईस आणि राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरात उघडल्या.

कामाचे स्वरूप : पुरातत्त्वाचे पूर्वज्ञान ही प्रवेशाची अट नाही. सुमारे पाच महिन्यांच्या कालावधीत अनुभवी पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली काम चालते. खापरे, दगडी हत्यारे, प्राण्यांची हाडे, काच, खिळे अशा वस्तूंची वर्गवारी व मोजदाद होते. त्या जुन्या वेष्टनांतून काढून टिकाऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत व आम्लरहित पुठ्ठ्याच्या खोक्यांत नव्या चिठ्ठ्यांसह ठेवल्या जातात. निवडक वस्तूंची मोजपट्टीसह छायाचित्रे घेतली जातात. उत्खननाच्या वह्या, नकाशे व पत्रव्यवहार लावून त्यांचे स्कॅनिंग होते आणि संगणकीय सूची तयार केली जाते. ठरलेली कार्यपद्धती न चुकता पाळणे आणि प्रत्येक वस्तूचा हिशेब ठेवणे सैनिकाच्या अंगवळणी पडलेले असते. जतनाच्या कामाला हाच गुण हवा असतो.

उद्दिष्ट व फलित : सर्वांना पुरातत्त्वज्ञ बनविणे हा हेतू नाही. संगणक, छायाचित्रण, दप्तरव्यवस्था व लेखन ही कौशल्ये इतरत्रही चालतात. म्हणूनच कामाच्या वेळेतच अर्जलेखन व मुलाखतीची तयारी करून घेतली जाते. बंदूक वा रणगाडा हाताळण्याचा अनुभव नागरी मालकाला समजेल अशा शब्दांत मांडणे, हा या तयारीतील महत्त्वाचा धडा. शांत जागा, निश्चित काम आणि समान अनुभवाचे सहकारी यांमुळे शारीरिक वा मानसिक आघात सोसलेल्यांनाही सावरण्यास अवसर मिळतो. येथून बाहेर पडलेल्यांपैकी बहुतेकांनी नोकरी वा पुढील शिक्षणाची वाट धरली आहे.

अन्यत्र : ब्रिटनमध्ये २०११ पासून ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ हा संरक्षण खात्याचा उपक्रम जखमी व आजारी सैनिकांना उत्खननात सहभागी करून घेतो. तेथील भर सैनिकांच्या पुनर्वसनावर, तर अमेरिकी उपक्रमाचा भर संग्रह व रोजगार यांवर आहे.

मर्यादा : ही नोकरी मुदतीची असते, जागा थोड्या असतात आणि सारे काम शासकीय निधीवर अवलंबून असते. तरीही नोंद झालेले प्रत्येक खोके अभ्यासकाला पुन्हा उपलब्ध होते. उत्खनन एकदाच होते, ते स्थळ पाण्याखाली गेलेले असते. त्यामुळे त्या वस्तीविषयी नवा प्रश्न विचारायचा, तर त्याचे उत्तर या खोक्यांतच शोधावे लागते.