पायाखालच्या फळ्या

मराठीत आपण घरातल्या जमिनीला जमीनच म्हणतो. मग ती शेणाने सारवलेली असो, शहाबादी फरशीची असो, नाहीतर चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली असो. "जमिनीवर बसू नकोस, गार आहे," असं आई म्हणायची तेव्हा खरी जमीन चाळीस फूट खाली असायची! जपानीत मात्र बाहेरची जमीन वेगळी आणि घरातली 'युका' वेगळी. युका म्हणजे मातीपासून उचलून घेतलेली, चढून जायची जागा. म्हणून तर दारात आलेल्या पाहुण्याला इथे "आत या" म्हणायच्या ऐवजी "ओआगारी कुदासाई", म्हणजे "वर या" म्हणतात. आणि वर यायचं तर चपला खाली. हे शेवटचं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

हा सगळा विचार डोक्यात शिरला तो एका अगदी व्यावहारिक प्रश्नामुळे. तीन वर्षांपूर्वी आम्ही निशी-कासाईचा भाड्याचा फ्लॅट सोडून सायतामात एक जुनं लाकडी घर घेतलं. १९८४ सालचं, म्हणजे जून १९८१ च्या भूकंपविषयक नव्या नियमांनंतरचं, एवढं बघूनच घेतलं. त्यातल्या आठ तातामींच्या खोलीचं गवत पार झिजलं होतं. मुलांना तिथे लाकडी जमीन हवी होती, बायकोला पुसायला सोपी हवी होती, आणि दरवर्षी तीन महिने येणाऱ्या माझ्या आईला मांडी घालून बसता येईल अशी हवी होती. रुंद फळ्या घालायच्या हे ठरलं. कुठल्या घालायच्या, यावर घरात दोन महिने खल चालला. त्या निमित्ताने मी वाचायला लागलो आणि वाचता वाचता दोन हजार वर्षं मागे गेलो.

शिझुओका शहरात तोरो नावाची एक जागा आहे. १९४३ साली कारखान्यासाठी खणताना तिथे यायोई काळातलं गाव सापडलं. त्या लोकांनी भातखाचरांचे बांधसुद्धा सुगीच्या फळ्या ठोकून पक्के केले होते. (सुगी म्हणजे जपानी देवदार म्हणू या. नाव वाचून आपल्याला सुगीचे दिवस आठवतात, पण संबंध काही नाही.) तिथली धान्याची कोठारं खांबांवर उचललेली होती आणि खांबांच्या डोक्यावर उंदीर चढू नयेत म्हणून फळ्या बसवल्या होत्या. माणसं मात्र राहायची खाली, खड्ड्यासारख्या झोपडीत मातीवर. म्हणजे लाकडी जमिनीचा पहिला मान माणसाला नाही, भाताला मिळाला! पुढे तीच उचललेली जमीन देवांकडे गेली. इसेचं देऊळ त्याच कोठाराच्या घडणीचं मानतात. तिथून ती सरदारांकडे गेली. नाराचं आठव्या शतकातलं शोसोइन हे सम्राटाच्या मौल्यवान वस्तूंचं भांडार तर जमिनीपासून सुमारे २.७ मीटर उंच आहे.

आता गंमत बघा. या सगळ्या काळात जपानकडे फळ्या कापायची मोठी करवतच नव्हती. लाकूड उभं चिरायची, दोघांनी ओढायची मोठी करवत चीनकडून आली ती चौदाव्या-पंधराव्या शतकात. तोवर फळी 'कापत' नसत, 'फोडत' असत. ओंडक्यात ओळीने पाचरी ठोकायच्या, लाकूड आपल्या रेषेने उभं फाटतं. मग वाकसाने तासायचं आणि शेवटी 'यारीगान्ना' नावाच्या, भाल्याच्या पात्यासारख्या लांब दांड्याच्या हत्याराने गुळगुळीत करायचं. अशा पद्धतीत वाकड्यातिकड्या रेषांचं झाड काय कामाचं? हवं सरळ सोट, म्हणजे हिनोकी आणि सुगी. आज आपण जिला 'जपानी साधेपणाची आवड' वगैरे म्हणतो, तिच्यात करवतीच्या अभावाचाही वाटा आहे, असं माझं मत.

यारीगान्नाही पुढे विस्मरणात गेला. आजचा रंधा आल्यावर त्याला कोण विचारणार? होर्युजी मंदिराचे सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५) यांनी तो पुन्हा घडवून घेतला आणि वापरात आणला. नाराच्या याकुशिजी मंदिराचं मुख्य सभागृह (१९७६) आणि पश्चिमेचा मनोरा (१९८१) त्यांच्या देखरेखीखाली उभे राहिले. त्या हत्याराने तासलेल्या लाकडावर हात फिरवला तर पाण्यावरच्या बारीक लाटांसारखं लागतं. जाता जाता, आपला सुतार रंधा पुढे ढकलतो, इथला आपल्याकडे ओढतो. करवतही तशीच, ओढताना कापणारी.

हेइआन काळातल्या वाड्यांमध्ये तर सगळीकडे उघडी लाकडी जमीन असायची. तातामी होती, पण बसायला आलेल्या मानकऱ्यापुरती. आपण पाट मांडतो ना, तशी. ती भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरली मुरोमाची काळात. क्योतोच्या गिंकाकुजीतली १४८६ सालची साडेचार तातामींची खोली तेव्हापासून टिकून आहे. तातामी पसरली आणि फळ्यांचं नशीब फिरलं. गवताखाली झाकल्या जाणाऱ्या फळ्या कशाला रुंद, कशाला रंधलेल्या? चांगल्या फळ्या उरल्या फक्त ओसरीला, सोप्याला आणि देवळाला.

ओसरीवरून नीजो किल्ल्याची ती प्रसिद्ध चिवचिवणारी जमीन आठवते. आपण सगळेच पाहुण्यांना घेऊन तिथे गेलेलो आहोत. शत्रू आला तर कळावं म्हणून मुद्दाम आवाज करणाऱ्या फळ्या बसवल्या, ही गोष्ट गाईड रंगवून सांगतात आणि मुलं पाय आपटून बघतात. मला ती कधी पटली नाही. फळ्या खालच्या तुळयांना धरून ठेवणारे लोखंडी चिमटे आणि खिळे यांच्यात कालांतराने ढिलेपणा येतो, ते घासतात आणि चूं-चूं होते, हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं. आमच्या वाईच्या वाड्याचा जिनाही वाजायचा. पण रात्री उशिरा येणाऱ्या काकांसाठी तो कुणी मुद्दाम तसा बांधला नव्हता.

फळ्यांची दुसरी एक गोष्ट मात्र अंगावर काटा आणते. १६०० साली फुशिमी किल्ला पडला, तेव्हा तोकुगावांचा सरदार तोरिई मोतोतादा आणि त्याची माणसं तिथे मेली. त्या जमिनीच्या रक्ताळलेल्या फळ्या पुढे क्योतोच्या गेंको-आन, योगेन-इन अशा काही मंदिरांत नेल्या आणि छताला लावल्या, असं मंदिरं सांगतात. छताला का? कुणाचा पाय पडू नये म्हणून. पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगायला नकोच.

सतराव्या शतकात जपानने किल्ले आणि शहरं बांधण्याच्या धडाक्यात जंगलं अक्षरशः खाल्ली. त्यात १६५७ च्या आगीत एदो शहराचा बहुतेक भाग जळाला आणि पुन्हा बांधावा लागला. मोठी झाडं संपत आली. नाराच्या महाबुद्धाचं सभागृह १७०९ मध्ये पुन्हा उभं राहिलं, तेव्हा एवढे जाड खांब देणारी झाडंच मिळेनात. मग मधल्या लाकडाभोवती दुसरी लाकडं बसवून त्यांना लोखंडी पट्ट्या आवळल्या. आजही जवळून पाहिलं तर त्या पट्ट्या दिसतात. सभागृहाची रुंदीही अकरा खणांवरून सातावर आली. ओवारीच्या तोकुगावांनी किसो खोऱ्यात १६६५ पासून राखीव जंगलं ठरवली, आणि पुढे हिनोकीसह पाच जातींची झाडं तोडायला बंदी झाली. 'एक झाड, एक मुंडकं' अशी त्या कायद्याची ख्याती.

हे वाचताना मला रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' आठवलं. साधारण त्याच सुमाराचं, १७१५ च्या आसपासचं. आरमाराला लाकूड लागतं, तर साग, शिसव हुजूरच्या परवानगीने तोडावेत. पण आंबा, फणस यांना हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. झाड जीर्ण झालंच असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. किसोत झाड वाचवलं ते मालकासाठी, आज्ञापत्रात रयतेसाठी. मुंडक्याच्या धाकापेक्षा मला आपला मार्ग आवडतो, मग कुणी अभिमानी म्हणो.

आपल्याकडेही रुंद फळ्या होत्याच की. वाड्याच्या माडीला सागाच्या कड्या, त्यावर पाट, तोच कडीपाट. खालून दिसते ती तक्तपोशी. पुण्याच्या १८०७ च्या विश्रामबागवाड्यात हे लाकूडकाम आजही बघायला मिळतं. शनिवारवाड्याचं १८२८ च्या आगीत गेलं, जोतं आणि तट उरले. आमचा वाईचा वाडा मात्र आगीत गेला नाही. पंधरा वर्षांपूर्वी भाऊबंदांनी मिळून पाडायला दिला. सागाचे पाट, हातभर रुंदीचे, ट्रकमध्ये भरून गेले. आई गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मी इथे ऑफिसात होतो, मला फोनवर कळलं. आई एवढंच म्हणाली, "पाट बाहेर काढले तेव्हा वरची बाजू काळी होती आणि कडा पिवळ्या धम्मक, नव्यासारख्या."

असो. जपानकडे परत येऊ.

युद्धानंतर जपानला तातडीने लाखो घरं हवी होती. १९५१ मध्ये सरकारी घरांसाठी '५१-सी' नावाचा नकाशा तयार झाला. जेवायची आणि झोपायची जागा वेगळी हवी, म्हणून स्वयंपाकघरातच टेबल मांडून जेवायची सोय केली. १९५५ मध्ये गृहनिर्माण महामंडळ निघालं आणि 'डायनिंग किचन' घरोघर पोचलं. टेबल-खुर्ची आली की तातामी गेली. तिच्या जागी आलं ते 'फुरोरिंगु', म्हणजे प्लायवुडवर पातळ लाकडाचा पापुद्रा. मापं मात्र जुनीच, ३०३ मिलिमीटर रुंद आणि १८१८ लांब, म्हणजे एक शाकू आणि सहा शाकू! दिसायला रुंद फळी, आत फिलिपिन्स, साबा, इंडोनेशियातल्या जंगलांचा लावान. इंडोनेशियाने १९८५ मध्ये ओंडक्यांची निर्यातच बंद केली. त्यात पुन्हा गोंदातल्या फॉर्माल्डिहाइडमुळे नव्या घरात लोकांचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा २००३ मध्ये कायदा बदलला. सामानावर चार तारे शोधायचे ते तेव्हापासून.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आणखी एक आकडा पाठ असेल, एलएल-४५. खालच्या घरात आवाज किती जातो त्याचं माप, आकडा कमी तितकं चांगलं. अनेक इमारतींचा हा नियमच असतो. म्हणून त्या जमिनीखाली मऊ थर असतो आणि पाय किंचित दबल्यासारखा वाटतो. निशी-कासाईत आमच्या खालच्या आजोबांनी तीनदा नम्रपणे दार वाजवलं होतं. गणपतीच्या आरतीला तर तीस जण आणि झांजा. एलएल-४५ बिचारा काय करणार!

स्वतःच्या घरात तो प्रश्न नव्हता. ओकच्या परदेशी फळ्या बायकोला आवडल्या होत्या. आमचे सुतार सत्तरीचे, त्यांना सगळे 'तोऱ्यो' म्हणतात, म्हणजे मुख्य मिस्त्री. त्यांनी ओकचा आणि सुगीचा असे दोन तुकडे आईच्या पायाखाली ठेवले. आईला जपानी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. आईने सुगीवर दुसरा पायही ठेवला. विषय संपला. सुगी हलकं, त्यात हवा जास्त, म्हणून गार लागत नाही. पण नख मारलं तरी वण उठतो, हेही तोऱ्योंनी आधीच सांगितलं.

फळ्या निशिकावाच्या, म्हणजे आमच्याच सायतामातल्या हान्नो भागातल्या. 'निशिकावा' म्हणजे पश्चिमेची नदी. एदोला लागणारं लाकूड तराफे बांधून तिथून नदीने खाली यायचं. आम्ही पंधरा सेंटिमीटर रुंद आणि तीन सेंटिमीटर जाड घेतल्या. मला आणखी रुंद हव्या होत्या, आईच्या पाटांएवढ्या. तोऱ्यो नको म्हणाले. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. जितकी फळी रुंद, तितकी फट मोठी, आणि इथे जूनमध्ये हवा ओली तर जानेवारीत कोरडी ठणठणीत. त्यांनी फळ्या आधी दोन आठवडे खोलीत नुसत्या रचून ठेवल्या. मग एकीची जिभळी दुसरीच्या खाचेत घालत, मध्ये कागदाएवढी फट ठेवत बसवल्या. प्रत्येक फळीची सालीकडची बाजू वर, कारण गाभ्याकडच्या बाजूचे पदर सुटून पायात कुसळं जातात.

पुसण्याची कृतीही त्यांनीच सांगितली. तांदळाचा कोंडा फडक्यात बांधायचा आणि घासायचं, जुन्या ओसऱ्या अशाच चकाकतात. मुलांना हे काम नवं नाही, शाळेत ओणवं होऊन 'झोकिन' ढकलत सगळेच धावतात. एहिमे प्रांतात उनोमाचीच्या जुन्या शाळेला १०९ मीटरचा लाकडी कॉरिडॉर आहे, तिथे अशा पुसण्याच्या शर्यतीसुद्धा भरल्या आहेत. आमची खोली जेमतेम साडेतीन मीटरची, तरी दोघांत भांडणं होतात.

आता सुगीचं नाव काढलं की इथे सगळ्यांना शिंका आठवतात. युद्धानंतर उघड्या डोंगरांवर सुगी आणि हिनोकी भरमसाट लावली. १९६४ पासून परदेशी लाकूड मोकळं झालं आणि ही झाडं तोडायला कुणी येईना. २००२ मध्ये देशाच्या गरजेपैकी इथलं लाकूड १९ टक्केही नव्हतं, २०२० मध्ये ते ४० च्या पुढे गेलं. परागांना कंटाळून सरकारने २०२३ मध्ये ठरवलं की दहा वर्षांत सुगीची लागवड सुमारे वीस टक्क्यांनी घटवायची. बायको फेब्रुवारी ते एप्रिल मास्क लावून असते. तिने हिशोब केला की आमच्या खोलीत किती झाडं गेली असतील, आणि म्हणाली, "तेवढीच कमी."

पहिल्या हिवाळ्यात फटी उघडल्या, पाच येनचं नाणं उभं शिरेल एवढ्या. मी तोऱ्योंना फोन केला. "जूनपर्यंत थांबा," म्हणाले. जूनमध्ये मिटल्या. आता खिडकीजवळच्या चार फळ्या उन्हाने तांबूस झाल्यात. आई बसते ती जागा तिथलीच, आणि तिथे तिच्या अडकित्त्याचा एक वण आहे.