रानातली कुटी केवढी असावी?

आपल्या वस्त्यांमधून अलीकडे एक बोलणं कानावर येतं. कुठंतरी गावाबाहेर, रानाच्या कडेला ध्यानासाठी एखादी लहानशी कुटी बांधू या. विचार चांगला आहे. पण त्यामागोमाग सिमेंटच्या गोण्या, फरशी आणि वर्गणीचं पावती-पुस्तक यांची गोष्ट निघते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे थोडा इतिहास ठेवीत आहोत. आम्ही काही पालीचे पंडित नव्हेत. गिरणीच्या पाळ्या करून उरलेल्या वेळात वाचनालयात बसून जे वाचलं, ते इथं मांडतो. रानात कुटी कशी बांधावी हे विनयपिटकात बारकाईने लिहून ठेवलेलं आहे, आणि प्रत्येक नियमामागे एक हकिकत सांगितलेली आहे.

सुरुवातीला भिक्खूंना निवारा असा नव्हताच. झाडाखाली, कपारीत, गुहेत, पेंढ्याच्या गंजीवर ते राहत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने ते पाहिलं व विहार बांधून देण्याची इच्छा दाखवली. भगवंतांनी अनुमती दिल्यावर त्याने एका दिवसात ६० विहार उभे केले, असं चुल्लवग्ग सांगतो. एका दिवसात साठ उभे राहिले, म्हणजे ते केवढेसे असतील बघा! थंडी, ऊन, पाऊस, डास, साप यांपासून रक्षण आणि ध्यानाला एकांत, एवढाच त्यांचा उपयोग. आणि ते दान कुणा एकाला नव्हतं. चारी दिशांच्या, आलेल्या आणि पुढे येणाऱ्या साऱ्या संघाला होतं.

दुसरी हकिकत धनियाची. हा कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळ इसिगिली डोंगराच्या उतारावर भिक्खूंनी गवताच्या कुट्या करून वर्षावास केला. वर्षावास संपताच बाकीच्यांनी आपापल्या कुट्या मोडल्या, गवत आणि लाकूड नीट आवरून ठेवलं व ते चारिकेला निघून गेले. धनिय मात्र तिथंच राहिला. तो भिक्षेला गेला की गवत-लाकूड गोळा करणारे लोक त्याची कुटी मोडून नेत. असं तीनदा झालं. तेव्हा त्याने आपलं वडिलोपार्जित कसब वापरलं. सगळी कुटी मातीची केली आणि गवत, लाकूड, शेण पेटवून भाजून काढली. मृगाच्या किड्यासारखी लालबुंद, वाजवली तर घंटेसारखा नाद! भगवंतांनी ती पाहिली आणि मोडायला लावली. का? तर ती भाजताना किती जीव मेले असतील, याची दया त्याने बाळगली नाही. पुढे याच धनियाने राजा बिंबिसाराने दिलंय असं सांगून सरकारी लाकूड उचललं, आणि त्यावरून चोरीविषयीचा पाराजिक नियम झाला. म्हणजे पाहा, सामान कुठून आणलं हा प्रश्न कुटीच्या आधीचा आहे.

तिसरी हकिकत आळवीची, आणि ती आपल्याला सर्वांत जास्त लागू आहे. तिथले भिक्खू कुट्या बांधू लागले. मापाला धरबंध नाही, त्यामुळे काम संपेना. रोज लोकांकडे मागणी : माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या, बांबू द्या, माती द्या. शेवटी लोक इतके त्रासले की भिक्खू दिसला की वाट सोडून पळत, दारं लावून घेत. गाय दिसली तरी भिक्खूच समजून पळत! महाकस्सप तिथं भिक्षेला आले तेव्हा त्यांना हा प्रकार कळला.

यावरून नियम झाला. स्वतःसाठी, दुसरा कुणी बांधून देणारा नसताना, मागून आणून कुटी बांधायची तर ती आतून १२ वीत लांब आणि ७ वीत रुंद, याहून मोठी नको. ही सुगताची वीत किती धरावी यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. २५ सेंटिमीटर धरली तर ३ मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद, म्हणजे साधारण ५६ चौरस फूट. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीच्या निम्म्याहून थोडी जास्त! शिवाय जागा आधी इतर भिक्खूंना दाखवून त्यांची संमती घ्यायची. तिथं मुंग्या, वाळवी, साप, मोठी जनावरं यांची वस्ती नको, जवळ कुणाचं शेत नको, आणि कुटीभोवती जुंपलेली गाडी फिरेल एवढी मोकळी जागा हवी.

कोसंबीला छन्न भिक्खूने मोठ्या विहाराची जागा साफ करताना गावाने मानलेलं एक झाड तोडलं. लोक संतापले. त्यावरून मोठ्या विहारालाही जागा दाखवून घेण्याचा नियम लागला. याच छन्नाने पुरा झालेला विहार पुन्हा पुन्हा शाकारला, लिंपला. शेवटी तो भाराने कोसळला आणि नवं गवत गोळा करताना एका ब्राह्मणाच्या जवाच्या शेताची नासाडी झाली. मग छपराचे थर किती, तेही ठरवून द्यावं लागलं.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला मुलाबाळांसह जावं. शंभरावर लेणी आहेत. त्यातली बहुतेक लहान : पुढे ओसरी, आत खोली, बसा-निजायला दगडाचाच ओटा आणि बाजूला पावसाचं पाणी साठवायचं टाकं. कल्याणच्या एका सोनाराने टाकं दान दिल्याचा शिलालेख तिथं आहे. कष्टकरी माणसाचं दान पाण्यासाठी लागलं, शोभेसाठी नव्हे.

कुणी म्हणेल, आपल्याला चळवळ करायची आहे, रानात बसून काय होणार? प्रश्न रास्त आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच बाबासाहेबांनी विचारलं आहे की भिक्खू हा परिपूर्ण माणूस की समाजसेवक. आमचं उत्तर असं, की वर्षावास तीन महिन्यांचा असे, आणि तो संपला की भिक्खू लोकांत परत जात. कुटी ही परत येण्यासाठी असते. तिथं मुक्काम ठोकला की धनिय होतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, कुटी बांधायचीच तर पहिली वर्गणी फाडण्यापूर्वी सभेत एवढं विचारावं. माप ठरलं का? झाड तुटतंय का? सामान कुठलं? पाण्याची सोय काय? कुटी कुणा एकाच्या नावाची की सगळ्यांची? आणि विधवा बाई, काम सुटलेला गडी यांच्या दारात पावती-पुस्तक कितीदा जाणार? आळवीच्या लोकांसारखं आपल्या माणसांनी दार लावून घेतलं, तर त्या कुटीत बसून कुणाचं मन शांत होणार?

नमो बुद्धाय! जय भीम!