शैक्षणिक लेखन व प्रकाशनातील कृत्रिम बुद्धिमत्तेचा नैतिक वापर

शोधनिबंध, प्रबंध व ग्रंथ लिहिताना, तसेच त्यांचे परीक्षण करताना कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधनांचे साहाय्य कितपत घ्यावे आणि घेतलेले साहाय्य कसे नमूद करावे, यासंबंधीचे संकेत व नियम या विषयात मोडतात. चॅटजीपीटी हे साधन ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच प्रकाशकांना आणि विद्यापीठांना या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. छापलेल्या मजकुराबद्दल जाब कोणी द्यावयाचा, हा या चर्चेचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

यंत्राच्या साहाय्याने होणारी लबाडी चॅटजीपीटीपेक्षा जुनी आहे. गिऑम काबानाक, सिरिल लाबे व अलेक्झांडर मागाझिनोव्ह या संशोधकांनी २०२१ मध्ये विज्ञानविषयक नियतकालिकांतील काही विचित्र शब्दप्रयोग उजेडात आणले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या रूढ संज्ञेऐवजी ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’, म्हणजे जवळजवळ ‘बनावट जाणीव’, असे शब्द त्यांना छापील निबंधांत आढळले. वाङ्मयचौर्य पकडले जाऊ नये म्हणून दुसऱ्याचा मजकूर शब्दबदल करणाऱ्या प्रणालीतून काढल्याची ही खूण होती. अशा प्रयोगांना त्यांनी ‘पिळवटलेले शब्दप्रयोग’ या अर्थाचे नाव दिले.

नोव्हेंबर २०२२ मध्येच मेटा या कंपनीने गॅलॅक्टिका नावाचे, वैज्ञानिक लेखनासाठी बनविलेले साधन खुले केले होते. शास्त्रीय भाषेत ते बिनदिक्कत चुकीची माहिती देते, अशी टीका झाल्याने त्याचे सार्वजनिक प्रात्यक्षिक तीन दिवसांतच बंद करण्यात आले.

लेखकत्वाचा प्रश्न

२०२३ च्या आरंभी काही निबंधांवर चॅटजीपीटीचे नाव सहलेखक म्हणून आल्याचे दिसून आले. त्याच जानेवारी महिन्यात ‘नेचर’ने यंत्राला लेखक मानले जाणार नाही आणि त्याचा वापर निबंधात नमूद करावा लागेल, असे जाहीर केले. ‘सायन्स’ने तर यंत्रनिर्मित मजकुरावर पूर्ण बंदी घातली. ही बंदी फार काळ टिकली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती शिथिल करून वापर उघड करण्याच्या अटीवर परवानगी देण्यात आली.

‘कोप’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशन-नीतिविषयक समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये, तर वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने मे २०२३ मध्ये अशीच भूमिका घेतली. त्यामागील तर्क साधा आहे. लेखक म्हणविणाऱ्याने निबंधातील प्रत्येक विधानाची जबाबदारी घ्यावी लागते, हितसंबंध जाहीर करावे लागतात, प्रकाशनहक्काच्या करारावर सही करावी लागते आणि चूक निघाल्यास खुलासा द्यावा लागतो. यांपैकी एकही गोष्ट यंत्राला करता येत नाही. मुद्रणदोष किंवा व्याकरण सुधारण्यापुरता वापर मात्र जाहीर करण्याची आवश्यकता नाही, असे स्प्रिंगर नेचरसारखे काही प्रकाशक मानतात.

नुसती कबुली पुरेशी नसते, हे फेब्रुवारी २०२४ मधील एका प्रकरणाने दाखवून दिले. ‘फ्रंटियर्स इन सेल अँड डेव्हलपमेंटल बायोलॉजी’ या नियतकालिकातील निबंधात उंदराची शरीररचना दाखविणारी एक हास्यास्पद आकृती छापली गेली. तिच्यातील अवयव अशक्य आकाराचे होते आणि त्यांवरील नावे निरर्थक अक्षरांची होती. आकृत्या मिडजर्नी या साधनाने काढल्या असल्याचे लेखकांनी निबंधात प्रामाणिकपणे लिहिले होते. तरीही ती आकृती तशीच छापली गेली. निबंध काही दिवसांतच मागे घेण्यात आला. पुढच्याच महिन्यात ‘सर्फेसेस अँड इंटरफेसेस’ या नियतकालिकातील एका निबंधाची प्रस्तावनाच ‘अवश्य, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना’ अशा अर्थाच्या, यंत्राने दिलेल्या उत्तराने सुरू होत असल्याचे वाचकांनी निदर्शनास आणले.

बनावट संदर्भ

चॅटजीपीटीसारखी साधने भाषा-प्रारूपांवर चालतात. प्रचंड मजकुरावरून शिकून, आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येणे संभवते, याचा अंदाज बांधणे हे त्यांचे मूळ काम असते. संदर्भसूची मागितली असता असे प्रारूप ग्रंथालयात शोध घेतल्याप्रमाणे वागत नाही. संदर्भासारखी दिसणारी नोंद ते रचते. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, वर्षही संभाव्य, पण तसा निबंध कधी लिहिलाच गेलेला नाही, असे त्यामुळे घडते. २०२३ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२ विषयांवर यंत्राकडून लिहवून घेतलेल्या निबंधांतील ६३६ संदर्भ तपासण्यात आले. जीपीटी-३.५ या आवृत्तीने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के, तर जीपीटी-४ ने दिलेल्यांपैकी १८ टक्के संदर्भ अस्तित्वातच नव्हते. पुढे आंतरजालावर शोध घेणाऱ्या आवृत्त्या आल्या, तरी मूळ निबंध स्वतः उघडून वाचल्याखेरीज त्याचा संदर्भ देऊ नये, हा जुना दंडक त्याने रद्द होत नाही.

ओळख-प्रणाल्या व त्यांच्या मर्यादा

यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या अनेक प्रणाल्या बाजारात आल्या. चॅटजीपीटीची निर्माती ओपनएआय हिने स्वतःची अशी प्रणाली जानेवारी २०२३ मध्ये आणली. कंपनीच्याच सांगण्यानुसार ती यंत्रनिर्मित मजकुरांपैकी केवळ २६ टक्के मजकूर ओळखत असे आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर खोटा ठपका ठेवीत असे. अचूकता कमी असल्याचे कारण देऊन जुलै २०२३ मध्ये ती बंद करण्यात आली. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिनमधील या प्रकारची सोय ऑगस्ट २०२३ मध्ये वापरातून काढली.

खोट्या ठपक्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये सात प्रणाल्यांची चाचणी घेतली. अमेरिकेतील आठवीच्या विद्यार्थ्यांचे निबंध या प्रणाल्यांनी जवळजवळ बिनचूक ओळखले. परंतु इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी यंत्रनिर्मित ठरविले. पुढचा शब्द किती अनपेक्षित आहे, यावर या प्रणाल्यांची भिस्त असते. परक्या भाषेत जपून लिहिणाऱ्याचा शब्दसंग्रह मर्यादित आणि वाक्यरचना साधी असते, आणि नेमकी तीच यंत्राची खूण समजली जाते. विरोधाभास असा की, तेच निबंध चॅटजीपीटीकडून अधिक अलंकृत करून घेतल्यावर त्यांवरील संशय बराच कमी झाला. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांनाही हा धोका संभवतो. त्यामुळे केवळ यंत्राने काढलेल्या टक्केवारीवरून विद्यार्थ्याला दोषी ठरविणे अन्याय्य होय. टिपणे, पूर्वीचे कच्चे खर्डे आणि तोंडी परीक्षेतील उत्तरे हे पुरावे अधिक विश्वासार्ह असतात.

एखाद्या व्यक्तीबाबत निर्णय देणे कठीण असले, तरी एकंदर प्रमाणाचा अंदाज बांधता येतो. पबमेडमधील दीड कोटीहून अधिक गोषवाऱ्यांतील शब्दांची वारंवारता पाहून २०२४ मधील किमान १३.५ टक्के गोषवारे अशा साधनांच्या साहाय्याने लिहिले गेले असावेत, असा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘डेल्व्ह’सारख्या शब्दांचा अचानक वाढलेला वापर हे त्यातील ठळक चिन्ह होते.

तज्ज्ञ-परीक्षण

प्रकाशनापूर्वी तपासणीसाठी आलेले हस्तलिखित गोपनीय असते. ते बाहेरच्या यंत्रप्रणालीत टाकणे हा विश्वासभंग ठरतो. याच कारणाने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी जून २०२३ मध्ये अनुदान-प्रस्तावांच्या परीक्षकांना अशा साधनांच्या वापरास मनाई केली. लेखकांनी शोधलेली पळवाट जुलै २०२५ मध्ये जपानच्या ‘निक्केई’ने उघड केली. आठ देशांतील १४ संस्थांशी संबंधित १७ निबंधांत, पांढऱ्या किंवा अतिसूक्ष्म अक्षरांत, ‘केवळ अनुकूल अभिप्राय द्यावा’ अशा प्रकारच्या सूचना यंत्रासाठी दडविलेल्या होत्या.

भारतातील स्थिती

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्य-प्रतिबंधक विनियम २०१८ मधील आहेत. त्यांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले असून १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांहून अधिक अशा तीन पायऱ्यांवर प्रबंधासाठी वाढती शिक्षा सांगितली आहे. शेवटच्या पायरीवर नोंदणीच रद्द होते. हे विनियम पूर्वप्रकाशित मजकुराशी असलेले साम्य मोजतात. भाषा-प्रारूपाने रचलेली वाक्ये बहुधा कोठेच जशीच्या तशी छापलेली नसतात. त्यामुळे स्वतःचा एकही विचार नसलेला प्रबंध या मोजणीतून सुखरूप निसटू शकतो. २०१९ मध्ये आयोगाने पीएच.डी.साठी संशोधन व प्रकाशन-नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला.

मराठीतील संशोधनात पडताळणीची अडचण आणखी वेगळी आहे. इंग्रजी शोधनिबंधाचा डीओआय क्रमांक टाकला की तो खरा की खोटा, हे क्षणात कळते. जुन्या मराठी मासिकांतील लेखांना असा क्रमांक नसतो आणि बरेच अंक आजही केवळ ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. यंत्राने एखाद्या जुन्या अंकाचा पृष्ठांकासह संदर्भ दिला, तर तो अंक प्रत्यक्ष हाती घेऊन पान उघडावे लागते.