मुटका

आमच्या समुद्रपूर तालुक्यात साठी ओलांडलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, पोहायला कुठं शिकला? तो वावराकडं बोट दाखवील. मोटेच्या विहिरी होत्या, चांगल्या रुंद, दगडानं बांधलेल्या. बैल धावेवरून उतरले की चामड्याची मोट वर यायची अन् थारोळ्यात पाणी सांडायचं. दुपारी बैल सोडले की विहीर आम्हा पोट्ट्यांची. पाठीवर वाळला भोपळा बांधून मोठ्या भावानं मला ढकललं, एवढंच माझं शिक्षण. काही दिवसांनी भोपळा सुटला अन् मी काठावरून मुटका मारायला लागलो. पाणी जितकं वर उडेल तितका मान मोठा.

विहीर नसली तर डाबडुबली. दुसरीकडं हिला सूरपारंब्या म्हणतात. पायाखालून काडी फेकायची, राज्य असलेला ती आणेपर्यंत बाकीच्यांनी झाडावर. चिंचेची फांदी लवते, जांभळाची कडकन मोडते, शेवग्याच्या तर नादी लागूच नये. माझा डावा हात आजही पुरा सरळ होत नाही, ते जांभळाचं देणं. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. मायनं आधी दोन झापडा दिल्या, मग हळदीचं दूध.

१९३७ च्या ऑक्टोबरात आमच्या वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. लेकरानं हातानं काम करत शिकावं, हा नई तालीमचा विचार तिथून देशभर गेला. आमच्या शाळेपर्यंत तो टकळीपुरता पोचला. विळा अन् कुऱ्हाड हातात द्यायला मात्र घरच्यांना कोण्या परिषदेची गरज लागली नाही.

हे सांगताना छाती फुगते, खोटं कशाला बोलू. पण १९७२ च्या दुष्काळानंतरचा उन्हाळा आठवला की ती खाली बसते. विहिरीचं पाणी उतरलं होतं. काठ तोच, उडी तीच, पाणी कमी. माझ्या वर्गातल्या एकानं सूर मारला, तो वर आलाच नाही. खाली कपार होती. मोठी माणसं येईपर्यंत आम्ही काठावर उभे, ओरडायचंही सुचेना. त्याची माय पुढं कितीतरी दिवस त्या वाटेनं पाण्याला गेली नाही. आम्ही मात्र पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा उड्या मारल्या. याला हिंमत म्हणावं का, मला अजून ठरवता आलं नाही.

आमचे मायबाप निर्भय होते असं लोक म्हणतात. मला नाही पटत. माझ्या मायले सात लेकरं झाली, जगलो चौघं. गोवर, हगवण, देवी. देवीचा शेवटचा रोगी आपल्या देशात १९७५ साली सापडला, म्हणजे मी तेव्हा मिसरूड फुटलेला होतो. ज्या घरात मरण असं येऊन जाऊन असायचं, त्या घरची माय झाडावरल्या पोरामागं कुठं धावणार? तिला निंदणाला जायचं असे.

माझ्या पोराला एकच लेकरू. तो म्हणतो, "बाबा, त्याले विहिरीकडं नेऊ नका." आधी राग आला. मग विहिरीत डोकावलो. मोट गेली, मोटर आली, वायर लोंबते, पाणी पार तळाला, बांधकामाचे दगड सुटलेले. तिथं मीच उडी मारणार नाही. सायकलचंही तसंच. आमच्या वेळी नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक मोजत बसता यायचे. आज जामच्या चौकात मलाच कोणी हात धरून पलीकडं न्यावं लागतं.

पण नातू दिवसभर मोबाईलमधल्या माणसाला उड्या मारायला लावतो, ते पाहवत नाही बाप्पा. धुऱ्यावरची चिंच अजून उभी आहे. दुपारी सून झोपली की आम्ही दोघं तिकडं जातो. मी खाली उभा राहतो, कोणती फांदी धर ते सांगतो. परवा तो दुसऱ्या बेचक्यापर्यंत पोचला. गुडघा खरचटला होता, तो घरी जायच्या आधी धुऊन घेतला.