शीतकपाटातील थंडावा कमी होणे

शीतकपाटातील थंडावा कमी होणे हा घरगुती शीतकपाटात, म्हणजेच फ्रीजमध्ये, वारंवार आढळणारा बिघाड आहे. यात यंत्राला वीज मिळत असूनही आतील तापमान अन्न सुरक्षित राहील इतके खाली येत नाही. या बिघाडाचे खापर बहुधा ‘गॅस संपला’ या कारणावर फोडले जाते. प्रत्यक्षात गॅस म्हणजे प्रशीतक हा बंदिस्त नळ्यांमधून फिरत राहणारा पदार्थ आहे. तो वापराने संपत नाही. गळती झाली तरच कमी होतो. थंडावा कमी होण्याची इतर अनेक कारणे नळ्यांना हात न लावता ओळखता येतात.

कार्यपद्धती

फ्रीज थंडी निर्माण करत नाही, तर आतील उष्णता बाहेर नेऊन टाकतो. कॉम्प्रेसर वायुरूप प्रशीतकावर दाब देतो, त्यामुळे तो तापतो. हा तप्त वायू कंडेन्सरच्या नळ्यांमधून जाताना खोलीतील हवेला उष्णता देऊन द्रवरूप होतो. पुढे अतिशय बारीक केशनळीतून गेल्यावर त्याचा दाब एकदम घटतो आणि बाष्पीभवकात (कूलिंग कॉइलमध्ये) त्याचे बाष्प होताना तो आतील उष्णता शोषून घेतो. अन्नापासून खोलीपर्यंतच्या या मार्गात उष्णता कोठेही अडली, किंवा बाहेरून प्रमाणापेक्षा जास्त उष्णता आत आली, की थंडावा घटतो.

घरगुती फ्रीजचे दोन प्रमुख प्रकार आहेत. ‘डायरेक्ट कूल’ प्रकारात थंडावा बाष्पीभवकापासून नैसर्गिक रीतीने खाली उतरतो व साचलेला बर्फ वेळोवेळी वितळवावा लागतो. ‘फ्रॉस्ट फ्री’ प्रकारात पंखा थंड हवा सर्व कप्प्यांत खेळवतो आणि ठरावीक काळाने हीटर बाष्पीभवकावरील बर्फ आपोआप वितळवतो.

तापमानाची खातरजमा

मुख्य कप्प्याचे तापमान ४° से. किंवा त्याहून कमी आणि फ्रीझरचे उणे १८° से. असावे, असा सर्वसाधारण निकष आहे. हाताला लागणाऱ्या गारव्यावरून अचूक अंदाज येत नाही. मधल्या फळीवर पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर रात्रभर ठेवून सकाळी नोंद घेतल्यास विश्वासार्ह तापमान कळते. दार उघडताच हवेचे तापमान बदलते, पाण्याचे मात्र लगेच बदलत नाही.

लक्षणे आणि संभाव्य कारणे

• दिवा लागत नाही व आवाजही येत नाही: प्लग, सॉकेट, फ्यूज, एमसीबी किंवा स्टॅबिलायझरमधील दोष.
• दिवा लागतो, पण कॉम्प्रेसर सुरू होत नाही: थर्मोस्टॅट, रिले किंवा ओव्हरलोड संरक्षकातील दोष, अथवा विजेचा कमी दाब.
• फ्रीझर थंड, पण खालचा कप्पा उबदार: हवेचा मार्ग अडणे, पंखा बंद पडणे किंवा बाष्पीभवकावर बर्फाचा जाड थर साचणे.
• कॉम्प्रेसर सतत चालतो, तरी दोन्ही कप्पे अर्धवट थंड: कंडेन्सरवर धूळ, दाराचे सैल रबर, अतिउष्ण खोली किंवा प्रशीतकाची गळती.

बाहेरून करता येणारी तपासणी

वीजपुरवठा: भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. दाब फार उतरल्यास कॉम्प्रेसर घुमतो, पण सुरू होत नाही आणि थोड्या थोड्या वेळाने ‘टक’ असा आवाज करून संरक्षक त्याची वीज तोडतो. वीज जाऊन लगेच परतल्यास नळ्यांतील दाब समान होण्यासाठी काही मिनिटे थांबून फ्रीज सुरू करणे योग्य ठरते.

दाराचे रबर: रबराच्या पट्टीत कागद धरून दार लावावे. कागद सहज निसटत असेल, तर त्या ठिकाणी फट आहे. रबरावर साचलेला चिकटा साबणाच्या कोमट पाण्याने पुसल्यास ते पुष्कळदा पूर्ववत बसते. फाटलेले रबर बदलावे लागते. कोकणासारख्या दमट हवेच्या प्रदेशात लहानशा फटीतूनही बरेच बाष्प आत येते व त्याचा बर्फ होतो.

कंडेन्सर: जुन्या फ्रीजच्या मागील बाजूस काळी जाळी दिसते. तिच्यावरील धूळ प्लग काढून मऊ ब्रशने झाडावी. अनेक नव्या फ्रीजमध्ये कंडेन्सर बाजूच्या पत्र्यांच्या आत असतो. त्यामुळे या बाजू गरम लागणे हा दोष नव्हे. त्यांच्याभोवती हवा खेळती नसणे हा दोष होय.

जागा: फ्रीज ठरावीक हवामानासाठी बनवलेले असतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार ‘एन’ वर्गासाठी ३२° से., ‘एसटी’ वर्गासाठी ३८° से. आणि ‘टी’ वर्गासाठी ४३° से. ही खोलीच्या तापमानाची कमाल मर्यादा आहे. नागपूर, चंद्रपूर या शहरांत उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या वर जातो. अशा काळात पत्र्याच्या छपराखाली, शेगडीजवळ किंवा उन्हाने तापणाऱ्या भिंतीला लागून ठेवलेल्या फ्रीजला दोष नसतानाही पुरेसा थंडावा देता येत नाही.

मांडणी: फ्रॉस्ट फ्री प्रकारात हवेच्या झरोक्यांसमोर पिशव्या व डबे दाटीने ठेवल्यास खालच्या कप्प्यात थंड हवा पोहोचत नाही. डायरेक्ट कूल प्रकारात फळ्यांवर कागद वा प्लॅस्टिक अंथरल्यानेही हवेचे अभिसरण रोखले जाते.

बर्फ साचणे

बर्फ थंड असला तरी तो उष्णतेचा मंद वाहक आहे. बाष्पीभवकावर त्याचा जाड थर बसला, की कॉम्प्रेसर चालत राहूनही कप्प्यातील उष्णता बाष्पीभवकापर्यंत नीट पोहोचत नाही. अशा वेळी अन्न बाहेर काढून, वीज बंद करून व दार उघडे ठेवून संपूर्ण बर्फ वितळू द्यावा. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये आतील झाकणामागचा बर्फ वितळण्यास पूर्ण दिवसही लागू शकतो. यानंतर थंडावा परतला आणि काही दिवसांत पुन्हा घटला, तर बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे हीटर, संवेदक, टायमर किंवा सर्किटमध्ये, दोष असण्याची शक्यता मोठी असते.

सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडणे टाळावे. डायरेक्ट कूल फ्रीजच्या फ्रीझरची भिंत हीच बहुधा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा बाष्पीभवक असते. तिला छिद्र पडल्यास सर्व प्रशीतक निघून जातो आणि साध्या देखभालीच्या कामाचे रूपांतर खर्चिक दुरुस्तीत होते.

बंदिस्त यंत्रणेतील दोष

बाष्पीभवकाच्या थोड्याच भागावर दव गोठणे व उर्वरित भाग कोरडा राहणे हे प्रशीतक कमी झाल्याचे किंवा केशनळी अंशतः तुंबल्याचे लक्षण आहे. गळती शोधून बुजवल्याशिवाय केवळ गॅस भरल्यास तोच बिघाड पुन्हा उद्भवतो. योग्य दुरुस्तीत गळती बंद करणे, आर्द्रता शोषणारा फिल्टर बदलणे, नळ्या निर्वात करणे आणि ठरलेल्या वजनाइतकाच प्रशीतक भरणे हे टप्पे येतात.

प्रशीतकाचे नाव कॉम्प्रेसरवरील किंवा फ्रीजच्या माहितीपट्टीवर लिहिलेले असते. जुन्या फ्रीजमधील आर-१२ ओझोन थरास घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला. त्यानंतर आलेला आर-१३४ए ओझोनला हानी पोहोचवत नाही, परंतु तो तीव्र हरितगृह वायू आहे. सध्याच्या अनेक फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे. त्यामुळे अशा नळ्या कापणे किंवा त्यांना झाळ देणे हे प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच काम आहे. गळतीची शंका आल्यास ज्योत वा ठिणगी टाळून खिडक्या उघडाव्यात.

अन्न व औषधांची सुरक्षितता

दोष सापडेपर्यंत अन्नाचा प्रश्न थांबत नाही. वीज गेल्यास दार न उघडता मुख्य कप्पा साधारण ४ तास, पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास व अर्धा भरलेला सुमारे २४ तास सुरक्षित थंडावा टिकवतो. दूध, शिजवलेले अन्न, मांस व मासे ४° से.पेक्षा जास्त तापमानात २ तासांहून अधिक राहिल्यास टाकून द्यावेत. वास किंवा चव बदललेली नसणे हा सुरक्षिततेचा पुरावा नाही. रोगकारक जिवाणूंमुळे हे बदल होतीलच असे नसते.

इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८° से. तापमानात ठेवाव्या लागतात आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. त्यामुळे थंडावा वाढवण्यासाठी थर्मोस्टॅट एकदम कमाल अंकावर नेण्यापूर्वी ही औषधे फ्रीझरपासून व थंड हवेच्या झरोक्यापासून दूर ठेवणे आवश्यक आहे. दुरुस्ती लांबल्यास ती अन्य चालू फ्रीजमध्ये हलवावीत.