एका मोठ्या संख्येची मराठी कुळकथा

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचा वा उजवीकडून, बदलत नाही. नऊ एकांच्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग आहे. मात्र एक दहा वेळा लिहून वर्ग केला, तर हातचा आड येतो, ही डौलदार चढउतार मोडते आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ हे उत्तर मिळते.

अशा संख्यांना जगभर ‘डेमलो संख्या’ म्हणतात. हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला आणि नोकरीचे आयुष्य देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील डेमलो या रेल्वेस्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून स्थानकाचेच नाव संख्येला मिळाले. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. आपली संख्या हर्षदही आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१ येते. आणि १११११११११ म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९ असल्यामुळे तिच्या वर्गाला ८१ ने भाग जाणारच.

आता ही संख्या मोजायची कोणत्या शब्दांत? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (इ. स. ११५०) स्थाननामे आपल्या परंपरेत आली : कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. येथे प्रत्येक नाव आधीच्याच्या दसपट आहे. त्यामुळे आपल्या संख्येचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो. त्यापुढे परार्धच उरतो. हिंदीच्या प्रचलित गणनेत मात्र अरब, खरब, नील, पद्म हे शंभरपटीने चढतात. तीच संख्या तेथे बारा पद्म, चौतीस नील अशी वाचली जाते. मराठी खर्व म्हणजे दहा अब्ज, हिंदी खरब म्हणजे शंभर अरब. शब्द सख्खे, किंमत दसपट वेगळी! दस्तऐवजाच्या भाषांतरात ‘खर्व’चे ‘खरब’ करणारा लेखनिक एका शून्याची भर घालतो, हे आम्ही वकील म्हणून मुद्दाम सांगतो.

हा भेद मोहगावसारख्या गावी केवळ कुतूहलाचा राहत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशात राहिला. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क संविधानात आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो.

मातृभाषेतील शिक्षण म्हणजे केवळ कविता नव्हेत. मोजणे हीदेखील भाषाच आहे. राज्याची सीमा रेषेने आखता येते, पण घरातली गणना पिढीगणिक बोलली तरच टिकते. म्हणून आमचे सांगणे एवढेच : मुलांना हिंदीचा खरब अवश्य शिकवा, पण आपला खर्व विसरू देऊ नका. दोन्ही जाणणारे मूल दसपटीने फसणार नाही.