पायाखाली गाडलेला इतिहास

इतिहास कागदावर लिहिला जातो, तसाच तो जमिनीतही साचत असतो. कागद ज्यांच्या हाती होता त्यांचा इतिहास आपण शाळेत पाठ केला. ज्यांच्या हाती लेखणी येऊच दिली नाही, त्यांचे दप्तर म्हणजे माती. म्हणून शहराच्या पोटात पोकलेन उतरतो तेव्हा तो प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहत नाही, आपलाही होतो.

२०१९ साली पुण्याच्या मंडईत भुयारी मेट्रोच्या स्थानकासाठी खणताना मोठी हाडे निघाली. ती हत्तीची होती. डेक्कन कॉलेजच्या तज्ज्ञांनी ती पाहिली. त्याच वर्षी स्वारगेटला पाणी वाहून नेणारे जुने भुयार लागले. दोन्हींचा गाजावाजा झाला. हाडे तपासली गेली हे योग्यच झाले. २९ सप्टेंबर २०२४ रोजी हा मार्ग सुरू झाला. त्या स्थानकात मी उतरतो तेव्हा मनात येते, हत्तीचे हाड कुणाच्याही नजरेत भरते. चुलीची राख, फुटके गाडगे, चामड्याचा तुकडा हे कुणाला दिसणार? ते राडारोडा म्हणून डंपरमधून जाते आणि त्यासोबत ते वापरणारा माणूसही जातो.

१८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ताबाई साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध छापला गेला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेची विद्यार्थिनी. मांग-महारांना त्यांच्या जागेवरून हुसकून वरच्यांनी मोठमोठ्या इमारती उठवल्या, आणि त्यांच्या पायांत याच माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरले, असे तिने निर्भयपणे लिहून ठेवले आहे. मंडईखाली तसे काही निघाले असे मी म्हणत नाही. पुराव्याविना बोलणे ही पोथीवाल्यांची रीत. ती आपण उचलू नये. माझे म्हणणे एवढेच, की ज्या मुलुखातील पायांविषयी अशी साक्ष छापील आहे, तेथे पाया खणताना जाणती नजर हजर असली पाहिजे.

कायदा काय सांगतो? १९५८ चा पुरातत्त्व कायदा घोषित स्मारकांभोवती कुंपण घालतो. २०१० पासून अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. शनिवारवाड्याला हे संरक्षण आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीला कोण स्मारक म्हणून घोषित करणार? १८७८ चा निखात निधीचा कायदा दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर कलेक्टरला द्यायला सांगतो. नाण्यांचा हंडा निघाला की कायदा जागा होतो. खापराला बाजारभाव नसतो. शहरातल्या प्रत्येक मोठ्या खोदकामावर पुरातत्त्वज्ञ असलाच पाहिजे, असे सरसकट बंधन मात्र आपल्याकडे नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकन गुलामांची दफनभूमी उघडी पडली. चारशेहून अधिक सांगाडे निघाले. काळे लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा १९९२ साली तिथले खोदकाम थांबले. त्या हाडांवरून लहान मुलांचे मृत्यू, उपासमार, ओझ्याने झिजलेले मणके वाचता आले. २००३ मध्ये ते अवशेष सन्मानाने पुन्हा पुरले आणि २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. तिथे नुसती तज्ज्ञता पुरली नाही. समाजाने हक्क सांगावा लागला.

मंडईची इमारत १८८६ ची. गव्हर्नर रे यांचे नाव तिला दिले होते. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी या इमारतीवर पैसा ओतण्यास विरोध केला होता. तो शिक्षणावर खर्चावा, हा त्यांचा आग्रह. पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. पाटीवर नाव चढले, आग्रह मात्र बाजूला राहिला.

तो आज असा पुढे नेता येईल. पालिकेच्या प्रत्येक मोठ्या खोदकामाच्या कंत्राटात पुरातत्त्वज्ञाची अट घालावी. थराथरातून जे निघेल त्याची नोंद, छायाचित्रे आणि खोलीची मापे ठेवून ती लोकांना पाहू द्यावीत. मातीत उभ्या असलेल्या मजुराला खापर ओळखायला शिकवावे आणि काम थांबले तरी त्याची मजुरी कापू नये. नाहीतर सापडलेली वस्तू तो मुकाट्याने बुजवील, आणि त्यात त्याचा दोष नसेल. आणि शिक्षक मित्रांनो, आपल्या मुलामुलींना या विद्येकडे वळवा. पिढ्यान्‌पिढ्या खणणारे हात आपले होते. काय निघाले हे सांगण्याचा अधिकार मात्र दुसऱ्यांकडे राहिला.